अंबाबाईचा किरणोत्सव: कोणता दिवस, कुठे थांबायचं, आणि काही वर्षी किरणं मध्येच का अडतात?

प्रश्न · पाऊलखूण

नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी, म्हणजे मावळत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यातल्या देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा पाहायला, यायचं आहे. सोबत सत्तरीच्या पुढचे दोघे आहेत, त्यांना फार वेळ उभं राहणं जमत नाही. म्हणून नीट माहिती घेऊनच तारीख ठरवायची आहे.

९, १० आणि ११ नोव्हेंबर यांतला कोणता दिवस धरावा? या तारखा तिथीप्रमाणे पुढेमागे होतात का?

दुसरं, दरवर्षी बातम्यांत "किरणं कमरेपर्यंतच पोचली", "आज चरणस्पर्श होऊन लुप्त" असं वाचायला मिळतं. एकजण म्हणतो, पृथ्वीचा आस कलला म्हणून. दुसरा म्हणतो, इमारतींमुळे. तिसरा म्हणतो, हवेतल्या बाष्पामुळे. यातलं खरं काय?

आणि कोल्हासुराच्या कथेशी या उत्सवाचा काही संबंध आहे का? घरच्यांना सांगताना चुकीचं सांगायला नको.

---

उत्तर · महाद्वार रोड

तारखा तिथीवर नाहीत. सूर्याच्या जागेवर आहेत, म्हणून इंग्रजी कॅलेंडरला धरून चालतात. वर्षातून दोन वेळा हा उत्सव होतो: ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९, १०, ११ नोव्हेंबर. रूढ क्रम असा की पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमर आणि तिसऱ्या दिवशी मुख. आगेमागे एकेक दिवसही किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात, म्हणून अलीकडे पाच दिवसांचा किरणोत्सव धरला जातो. दिवाळी कधी या तारखांच्या आधी येते, कधी नंतर. तुमच्या वर्षी दिवाळीची सुट्टी या तारखांना लागून आली, तर गर्दी कितीतरी पटीने वाढते. पंचांगात एवढं मात्र आधी बघा.

एकच दिवस जमणार असेल तर ११ धरा. दोन दिवस राहता येत असेल तर १० आणि ११. एक संध्याकाळ ढगात गेली तरी दुसरी हाताशी राहते.

वेळेचा अंदाज: नोव्हेंबरात पाचच्या सुमारास ऊन महाद्वारातून, म्हणजे मंदिराच्या पश्चिमेकडच्या मुख्य दरवाजातून, आत यायला लागतं. मग गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीसमोरचा कठडा) असा त्याचा मार्ग. चरणांपाशी ते पावणेसहाच्या आसपास पोचतं आणि पुढचं सगळं चार-पाच मिनिटांत आटोपतं. फेब्रुवारीत हेच साधारण सव्वासहाला. त्यामुळे "सहाला पोचलो तरी चालेल" हा हिशेब नोव्हेंबरात पार चुकतो. अनेक जण फेब्रुवारीची वेळ वाचून नोव्हेंबरात येतात आणि थेट आरतीलाच पोचतात.

कुठे थांबायचं, हा प्रश्न महत्त्वाचा. किरणांची वाट म्हणजे महाद्वार ते गाभारा ही सरळ रेषा, आणि त्या रेषेत माणूस उभा राहिला तर किरण त्याच्या पाठीवर थांबतो. म्हणून त्या वेळी मधली वाट मोकळी ठेवतात, आतले दिवे मालवतात आणि लोकांना दोन्ही बाजूंना उभं करतात. तिथे जागा मोजकी असते आणि उभंच राहावं लागतं. सोबतच्या ज्येष्ठांसाठी हे सोयीचं नाही. बाहेर आवारात पडदे लावलेले असतात, गाभाऱ्यातलं थेट चित्र त्यावर दिसतं. त्यांना चारच्या आधी पडद्यासमोर सावलीत बसवा. प्रत्यक्ष दर्शन सकाळीच उरकून घ्या. संध्याकाळी दर्शन आणि किरणोत्सव दोन्ही एका दमात करायला गेलात, तर दोन्ही अर्धवट राहतील.

मोबाइल उंच धरू नका. आत छायाचित्रणाला बंदी आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. उजळलेला पडदा आणि चमकणारा दिवा यांनी अंधाराला सरावलेले डोळे दिपतात, आणि मावळतीचा तो तांबूस कवडसा इतका मंद असतो की मग आजूबाजूच्या कुणालाच तो धड दिसत नाही.

---

उत्तर · क्षितिज

आस कलल्याच्या मुद्द्याचं आधी पाहू, कारण हे दरवर्षी कुणीतरी सांगतंच.

पृथ्वीच्या आसाचा कल बदलतो हे खरं. पण तो शंभर वर्षांत सुमारे ४७ विकलांनी कमी होतो. एक अंश म्हणजे ३६०० विकला. म्हणजे हजार वर्षांचा फरक धरला तरी एक अष्टमांश अंशाच्या आसपास. सूर्यबिंबाची रुंदीच अर्धा अंश आहे, म्हणजे हजार वर्षांत फरक पडला तो बिंबाच्या पाव भागाइतका. किरण कमरेवर अडण्याचं कारण हे असू शकत नाही. लीप वर्षामुळेही थोडी हालचाल होते, पण ती एका दिवसाच्या आतली.

आता या दोनच वेळा का? १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, दक्षिणेला सुमारे १७ अंश असते. सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो त्या २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच अंतरावर हे दिवस येतात. जाताना आणि परतताना सूर्य त्याच जागी मावळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर (१६.७ अंश उत्तर) या दिवशी मावळतीच्या जरा आधी सूर्य नेमक्या पश्चिमेला नसतो, पश्चिमेपासून दक्षिणेकडे १८-१९ अंश सरकलेला असतो. गाभारा आणि महाद्वार यांना जोडणारी रेषा त्या बाजूला रोखलेली आहे. देवी पश्चिमाभिमुख आहे असं आपण म्हणतो ते ढोबळ अर्थाने.

रोज मावळतीची जागा सुमारे ०.३ अंशाने सरकते, म्हणजे अर्ध्या सूर्यबिंबापेक्षा थोडं जास्त. दारांच्या एवढ्या लांब ओळीतून पुढेमागे चार-पाच दिवसच किरण जाऊ शकतो, त्याचं हे कारण.

किरण पायाकडून मुखाकडे वर का चढतो? सूर्य वर असताना दाराच्या वरच्या कडेला लागून येणारा किरण उंबऱ्याजवळच जमिनीवर पडतो. सूर्य जसा खाली येतो तसा किरण आडवा होत जातो, आत आत सरकतो आणि समोरच्या मूर्तीवर खालून वर चढतो. मुखापर्यंत पोचायला सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळ, दोन-तीन अंशांवर यावा लागतो. सगळी अडचण इथेच आहे. चरणस्पर्शाला सूर्य थोडा वर असला तरी भागतं. मुखासाठी तो जितका खाली यावा लागतो, तितका ढग, धूळ, झाड, गच्ची यांच्या आड जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच "चरणस्पर्श झाला, पुढे नाही" हा निकाल इतक्या वेळा लागतो.

आणखी एक. आपल्याकडे सूर्य सरळ खाली मावळत नाही, तिरका उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे कलत मावळतो. त्यामुळे आतला कवडसा उलट दक्षिणेकडे सरकतो. देवीचं तोंड पश्चिमेला, म्हणून तो तिच्या डाव्या हाताकडे जातो. समोर उभ्या असलेल्या भक्ताला तो उजवीकडे जाताना दिसेल. "किरणं डावीकडे लुप्त झाली" असं बातमीत असतं, ते देवीच्या डावीकडे.

---

उत्तर · जिन्याची खोली

वरचं गणित पटलं. आता इमारतींचा भाग मांडतो, कारण बाष्पावर सगळं ढकलणं सोपं पडतं आणि मग आपल्या हातात असलेलं कामही राहून जातं.

किरणांची वाट महाद्वारापाशी सुरू होत नाही. ती पश्चिमेकडच्या क्षितिजापासून येते, म्हणजे महाद्वार रोडच्या आणि त्यापलीकडच्या घरांच्या छपरांवरून. सूर्य दोन-तीन अंशांवर असतो तेव्हा त्या रेषेतल्या प्रत्येक गच्चीची उंची मोजावी लागते.

उदाहरण घ्या. महाद्वारापासून ३०० मीटरवर एक इमारत आहे आणि ती किरणरेषेला जेमतेम स्पर्श करते. मालकाने वर ३ मीटर उंचीची जिन्याची खोली बांधली. ३०० मीटरवर ३ मीटर म्हणजे ०.५७ अंश. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं. एका खोलीने अख्खा सूर्य झाकला! वेळेत सांगायचं तर सूर्य एक अंश खाली यायला साडेचार मिनिटांच्या जरा आत वेळ लागतो, म्हणजे ही खोली सूर्य अडीच मिनिटं आधी मावळवते. चरण ते मुख या चढणीला मिळतातच चार-पाच मिनिटं. त्यातली अडीच गेली की किरण कमरेवर थांबणारच.

पाण्याची टाकी, पत्र्याची शेड, सौर हीटरच्या नळ्या, जाहिरातीचा फलक, दुकानापुढचा मांडव, लोंबणाऱ्या वायरींचा गुंता, वाढलेली फांदी, हे सगळं याच हिशेबात बसतं. महाद्वाराच्या जवळची वस्तू जास्त त्रास देते: तीच ३ मीटरची वस्तू १०० मीटरवर असेल तर १.७ अंश खाते. मोजणी करून किरणमार्गातले अडथळे खुणावण्याचं आणि काही काढण्याचं काम आजवर झालंही आहे. पण ते एकदा करून संपणारं काम नाही. फांदी पुन्हा वाढते, टाकी पुन्हा बसते. उत्सवाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, निदान एक-दोन महिने आधी गच्च्या तपासायला हव्यात. बांधकामाला परवानगी देतानाच ही रेषा नकाशावर असायला हवी, हे माझं ठाम मत आहे. मंदिर बांधणाऱ्यांनी दगडात जी रेषा पकडली ती आपण टाक्यांनी मोडायची, हे मनाला लागतं.

---

उत्तर · क्षितिज

इमारतींचं महत्त्व मान्य, पण प्रत्येक अपुऱ्या किरणोत्सवाचा दोष त्यांना देऊ नये. सूर्य तीन अंशांवर असताना प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे पंधरापट जाड हवेतून येतो. नोव्हेंबरात परतलेल्या पावसाचा ओलावा असतो, एखादा कमी दाबाचा पट्टा आला तर पश्चिमेला ढगांची फळी उभी राहते. मंदिराच्या पश्चिमेला रंकाळा, वायव्येला पंचगंगा. शिवाय उसाचा हंगाम, म्हणजे गुऱ्हाळांचा आणि पाचट जाळण्याचा धूर. क्षितिजालगत तो थर दाटतो.

नेमकं कारण कुठलं, हे तिथेच उभं राहून ओळखता येतं. तीन खुणा लक्षात ठेवा.

कवडसा मुळातच फिकट, कडा धूसर, गरुड मंडपातच निस्तेज दिसतो आणि सगळा एकसारखा विझत जातो: हवा कारणीभूत.

कवडसा चांगला तेजस्वी आहे, पण खालून काळोख चढतो, म्हणजे आधी चरण अंधारतात आणि काही सेकंदांनी कमर: सूर्य एखाद्या छपराआड गेला. छपराची सावली खालून वर येते.

कवडसा तेजस्वी आहे, उंचीही गाठतो आहे, पण देवीच्या डावीकडे सरकून खांबावर किंवा भिंतीवर जातो: त्या दिवशी सूर्याची दिशा रेषेत पुरेशी बसली नाही. दिवस एखाद्याने पुढेमागे पाहावा.

पहिल्या कारणावर कुणाचा इलाज नाही. दुसऱ्यावर आहे. तिसरं कारण म्हणजे दोषच नव्हे.

---

उत्तर · जागर

कोल्हासुराबद्दल विचारलंत. किरणोत्सव हा मंदिराच्या रचनेतून आलेला उत्सव आहे, कोल्हासुर-वधाचा दिवस वेगळा आहे. घरी सांगताना दोन्ही वेगळे ठेवा.

करवीर माहात्म्य या कोल्हापूर क्षेत्राच्या ग्रंथातली कथा थोडक्यात अशी. कोल्हासुराने तप करून देवीकडून वर मागून घेतला की शंभर वर्षं तिने हे क्षेत्र सोडून जावं. देवी गेली, आणि त्याने प्रजेला छळायला सुरुवात केली. मुदत संपल्यावर देवांच्या विनंतीवरून ती परतली, युद्ध झालं आणि तो पडला. मरताना त्याने मागणं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहो आणि दरवर्षी माझ्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावो. देवीने ते मान्य केलं.

त्याच कथेचा पुढचा धागा त्र्यंबोलीचा, म्हणजे आपल्या टेंबलाईचा. कामाक्ष नावाच्या असुराने योगदंडाच्या बळावर देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीने त्याला मारून सगळ्यांना सोडवलं. पण विजयाच्या सोहळ्यात तिला बोलावणं राहिलं. ती रुसली आणि शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर, शहराकडे पाठ करून बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः लवाजम्यासह गेली. सखीचा मान राहिला नाही तर थोरल्या देवीनेही वाट तुडवत जायचं, हा या कथेचा गाभा, आणि कोल्हापूरकर तो आजही पायांनी चालून पाळतात.

तो दिवस म्हणजे आश्विन शुद्ध पंचमी, ललिता पंचमी. अंबाबाईची पालखी सकाळी मंदिरातून निघते, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्याही असतात. वाटेत शाहू मिल, टाकाळा असे ठरलेले विसावे. टेकडीवर दोन्ही देवींची भेट होते, कुमारिकेचं पूजन होतं आणि तिच्या हातून कोहळा फोडला जातो. फोडलेल्या कोहळ्याचा तुकडा मिळावा म्हणून मोठी झुंबड उडते. ज्येष्ठांना त्या घोळक्यात नेऊ नका. रेटारेटीत पाय घसरतो तो कोहळ्याच्या गरावरच. भेट पाहायची असेल तर चढाच्या बाजूला, वाटेच्या कडेला थांबा. त्या दिवशी मंदिरात देवीची गजारूढ पूजा बांधतात, तीही पाहण्यासारखी असते. पालखीतून जाते ती उत्सवमूर्ती. मूळ मूर्ती जागची हलत नाही.

मूळ मूर्ती पाहताना हातांकडे लक्ष द्या: म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल, पानपात्र. मस्तकावर नाग आणि लिंग, मागे सिंह. अलंकार आणि साडीमुळे यातलं बरंचसं झाकलेलं असतं, म्हणून आधी माहीत असलं तर दिसतं. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग महादेव आहे. अनेक जण तिथवर जातच नाहीत.

बाकीचे उत्सव ओझरते सांगते. शारदीय नवरात्रात घटस्थापनेला तोफेची सलामी, रोज वेगळ्या रूपातली पूजा, रोज रात्री पालखी, अष्टमीला वाहनातून नगरप्रदक्षिणा. दसऱ्याला पालख्या दसरा चौकात सीमोल्लंघनाला जातात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेनंतर दुसऱ्या दिवशी रथोत्सव. आणि एरवी दर शुक्रवारी रात्री पालखी असतेच. ज्येष्ठांना शांतपणे पालखी पाहायची असेल तर नवरात्र टाळून साधा शुक्रवार गाठा.

---

प्रश्न · पाऊलखूण

फार नेमकं मिळालं, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. हवेचा विचार केला तर नोव्हेंबरऐवजी जानेवारीअखेर यावं का? आणि त्या संध्याकाळी ढग आहेत हे आधी किती वेळ कळतं?

---

उत्तर · क्षितिज

ढगांपुरतं म्हणाल तर जानेवारीअखेर बरं. पावसाचा मागमूस नसतो, दुपारची हवा कोरडी असते. पण धूळ आणि धूर त्या काळातही असतात, ऊस तेव्हाही तुटत असतो. म्हणजे किरण पूर्ण अडण्याची शक्यता कमी, फिकट येण्याची शक्यता तशीच. ज्येष्ठांसाठी दुसरा फायदा असा की दिवाळीची गर्दी नसते.

दुपारी साडेचारला पश्चिमेकडे पाहा. आकाश डोक्यावर निळं आहे की नाही याला महत्त्व नाही, पाहायचा तो क्षितिजालगतचा हाताच्या तीन-चार बोटांएवढा पट्टा. हात लांब करून आडवी बोटं धरली की एक बोट साधारण दीड-दोन अंशांचं असतं. त्या पट्ट्यात राखाडी फळी असेल तर मुखापर्यंत किरण जाणं अवघड. पट्टा स्वच्छ असून वर विरळ ढग असतील तर खुशाल थांबा, सूर्य ढगांखालून बाहेर येतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहू नका, हात आडवा धरून शेजारचं आकाश बघा.

---

उत्तर · महाद्वार रोड

यात भर एवढीच. गाडी घेऊन येत असाल तर मंदिराच्या दारापर्यंत न्यायचा आग्रह धरू नका. बिंदू चौकाकडे गाडी लावा आणि ज्येष्ठांना रिक्षाने जवळच्या दरवाजापर्यंत आणा. रिक्षावाल्याला महाद्वाराऐवजी दुसऱ्या दरवाजाचं नाव सांगा, कारण किरणोत्सवाच्या वेळी सगळी गर्दी महाद्वार रोडलाच असते. किरणोत्सवानंतर लगेच देवीची आरती होते. लोक त्या वेळी आत घुसायला धावतात. तुम्ही पडद्यासमोरच बसून आरती घ्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, गर्दी ओसरल्यावर उठा.